तीन वर्षांत विरघळणारा आधार : ॲन आर्बरमधलं एका श्वसनीचं प्रकरण

९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बरच्या सी. एस. मॉट बालरुग्णालयात, तीन महिन्यांच्या एका बाळाच्या डाव्या श्वसनीभोवती, म्हणजे डाव्या फुफ्फुसात हवा नेणाऱ्या नळीभोवती, प्लास्टिकचं एक इवलंसं कवच टाके घालून बसवण्यात आलं. ते थ्रीडी प्रिंटरवर तयार झालं होतं आणि त्याचं माप या एकाच बाळाचं होतं. साधारण तीन वर्षांत ते शरीरात आपोआप विरून जाणार होतं. शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवसापासून व्हेंटिलेटरचा आधार कमी करायला सुरुवात झाली, एकविसाव्या दिवशी तो पूर्ण निघाला आणि बाळ घरी गेलं. वर्षभराने, मे २०१३ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याची हकिगत छापून आली.

तेव्हापासून या घटनेवर भरपूर लिहिलं गेलंय आणि बहुतेक ठिकाणी कौतुक प्रिंटरच्या वाट्याला आलंय. मला वाटतं खरी कमाल वेगळीच आहे. हे कवच बनवणाऱ्या मंडळींनी आपल्या पदार्थाकडून फार थोडं मागितलं. ठरावीक काळ नळी उघडी धरायची आणि मग निघून जायचं, एवढंच. बरं होण्याचं काम त्यांनी बाळाच्या स्वतःच्या कूर्चेवर, म्हणजे नळीच्या भिंतीतल्या लवचीक हाडावर, सोडलं. ऊतींच्या दुरुस्तीसाठी पदार्थ बनवणाऱ्या कुणालाही या एका प्रकरणातून जितकं शिकता येतं, तितकं दहा पाठ्यपुस्तकांतून मिळत नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

बाळाला झालं काय होतं

आपली श्वासनलिका छातीत उतरते आणि तिच्या दोन फांद्या होतात, उजवी श्वसनी आणि डावी श्वसनी. या नळ्या उघड्या राहतात त्या भिंतीतल्या कूर्चेच्या कड्यांमुळे. काही बाळांमध्ये ही कूर्चा जन्मतः मऊ असते, किंवा शेजारच्या रक्तवाहिनीच्या दाबाखाली तिला ताठपणा येतच नाही. श्वास सोडताना छातीतला दाब वाढतो आणि अशी नळी मिटते. या विकाराला ट्रॅकिओब्रॉन्कोमलेशिया म्हणतात. साधारण २,००० ते २,२०० बाळांमागे एकाला तो असतो असा अंदाज दिला जातो. बहुतेकांमध्ये तो सौम्य असतो. खोकला घुमल्यासारखा येतो, सर्दी झाली की छाती वाजते, आणि दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत कूर्चा घट्ट होऊन मूल त्यातून बाहेर पडतं.

हे शेवटचं वाक्य सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. रोग बरा करायचं औषध शरीराकडेच आहे, फक्त त्याला वेळ लागतो. प्रश्न उरतो तो एवढाच की तोवर मूल जगवायचं कसं.

या बाळाच्या बाबतीत तो वेळच मिळत नव्हता. जन्म ३५ आठवड्यांचा, तरी सुरुवातीला श्वासाची काही तक्रार नव्हती. सहा आठवड्यांचा झाला तेव्हा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, दूध पिणं जड जाऊ लागलं. दोन महिन्यांच्या सुमारास घशात नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागला. तपासण्यांत दिसलं की फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिण्यांची जागाच चुकलेली आहे, त्या एकमेकींना ओलांडून जाताहेत आणि डावी श्वसनी जवळपास मिटलेली आहे. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, व्हेंटिलेटर लावला, गुंगीची औषधं दिली, तरीही हृदय आणि श्वास वारंवार बंद पडत होते आणि दर वेळी बाळाला परत आणावं लागत होतं.

नळीच्या रुंदीचं गणित इथे लक्षात घ्यायला हवं. हवा सरळ वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट. मोठ्या माणसाच्या नळीत एखादा मिलिमीटर कमी झाला तर त्याला फारसं जाणवणारही नाही. तान्ह्या बाळाच्या काही मिलिमीटरच्या श्वसनीत तेवढाच कमी झाला तर हवा आत अडकून पडते. त्यात मूल रडलं की छातीतला दाब आणखी वाढतो, नळी आणखी मिटते, जीव घाबरतो, मूल आणखी जोरात रडतं. म्हणून अशा बाळांना सतत गुंगीत ठेवायची वेळ येते.

हाताशी असलेले उपाय

डॉक्टरांकडे उपाय नव्हते असं नाही. सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे गळ्यातली नळी आणि व्हेंटिलेटरचा कायम दाब, ज्याच्या जोरावर नळी फुगलेली राहते. पण हे महिनोन्‌महिने चालतं, जंतुसंसर्ग होतात, गुंगीच्या औषधांची सवय लागते. दुसरा उपाय महाधमनी उचलून छातीच्या हाडाला टाक्यांनी बांधण्याचा. दाब धमनीचा असेल तर तो कामी येतो. या बाळाची उजवी फुफ्फुस रोहिणी हलवून पाहिली, त्याने फरक पडला नाही.

तिसरा उपाय नळीच्या आतून स्टेंट घालण्याचा. हृदयाच्या स्टेंटमुळे आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचलाय, पण श्वासनलिकेतला धातूचा स्टेंट बाळासाठी धोक्याचा असतो. आतल्या नाजूक अस्तरावर तो घासतो, तिथे मांस वाढतं, आणि एकदा रुतला की काढणं महाकठीण. शिवाय मूल वाढतं, स्टेंट वाढत नाही. कर्करोग नसलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत धातूचे स्टेंट वापरण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००५ मध्येच सावधगिरीची सूचना काढली होती.

तेव्हा आधार बाहेरून द्यायचा ही कल्पना पुढे आली. कान-नाक-घसा शल्यविशारद ग्लेन ग्रीन आणि जैवअभियंते स्कॉट हॉलिस्टर मिशिगन विद्यापीठात या कवचावर आधीपासून काम करत होते, डुकरांवर प्रयोगही चालले होते. बाळाला हातात घेतलं तेव्हा त्यांच्याकडे तयार विचार होता. ऐनवेळी सुचलेली ती युक्ती नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणीबाणीत उपयोगी पडतं ते आणीबाणीच्या कितीतरी आधी केलेलं काम.

कवचाकडून नेमकं काय हवं होतं

कागदावर मागण्या लिहून काढल्या तर त्या एकमेकींशी भांडताना दिसतात. बाहेरून दाब आला तर कवच चेपता कामा नये, म्हणून ते कडक हवं. पण श्वास घेताना, मान वळवताना श्वसनी वाकते, लांबते, म्हणून ते लवचीक हवं. आतली नळी महिन्यागणिक वाढणार, तेव्हा कवचाने तिला आवळू नये, म्हणून ते उघडायला हवं. आणि दोन-अडीच वर्षं हे सगळं टिकवून धरून नंतर शरीरातून नाहीसं व्हायला हवं. चुकून जास्त कडक झालं तर जीव वाचवायला घातलेलं कवचच वाढत्या श्वसनीला फास बनेल.

उत्तर आकारात सापडलं. कवचाचं रूप व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीसारखं घड्याघड्यांचं, आणि एका बाजूने उभी चीर ठेवलेली. घड्यांमुळे ते दाबलं जात नाही, पण वाकतं आणि ताणलंही जातं. चिरेमुळे शल्यविशारदाला ते श्वसनीभोवती सरकवता येतं, आणि पुढे नळी जाड होत जाईल तशी चीर रुंदावत जाते. भिंतीला भोकं ठेवली होती, त्यांतून टाके घालून श्वसनीची मऊ भिंत कवचाच्या आतल्या बाजूला बाहेरच्या दिशेने ताणून धरायची. म्हणजे कवच नळीला नुसतं झाकत नाही, उघडं खेचून धरतं.

पदार्थ निवडला पॉलीकॅप्रोलॅक्टोन. हा एक पॉलिएस्टर आहे. विरघळणाऱ्या टाक्यांच्या काही धाग्यांत त्याचा नातलग असतो, त्यामुळे शरीराशी त्याची ओळख जुनी. तो साधारण ६० अंश सेल्सियसला वितळतो. शरीराच्या तापमानाला त्याचा स्फटिकरूप भाग त्याला ताठ ठेवतो आणि उरलेला भाग रबरासारखा मऊ असतो, म्हणून तो कडाडून तुटत नाही. शरीरातलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्यांमधले एस्टर बंध एकेक करून तोडत जातं. आधी साखळ्या आखूड होतात, मग ताकद जाते आणि सगळ्यात शेवटी वस्तुमान घटू लागतं. उरलेले बारीक तुकडे शरीर आपल्या नेहमीच्या चयापचयात जाळून टाकतं. या सगळ्याला दोन ते तीन वर्षं लागतात. पॉलीग्लायकॉलिक आम्लाचे टाके काही आठवड्यांत दम तोडतात, ते इथे चाललेच नसते. मुलाच्या कूर्चेला लागणारा वेळ आणि पदार्थाला विरायला लागणारा वेळ यांची गाठ इथे बसली. बाकी सगळं कौशल्य या गाठीवर उभं आहे.

भुकटी आणि लेसर

बाळाच्या छातीचे सीटी स्कॅन काढून त्यातून श्वासमार्गाची त्रिमिती प्रतिमा वेगळी केली गेली. श्वसनीचा व्यास, भिंतीची जाडी, मिटणाऱ्या भागाची लांबी ही मापं घेऊन संगणकावर कवचाची रचना बेतली. मापं बदलली की रचना आपोआप बदलावी अशी सोय केलेली होती, म्हणूनच थोडक्या अवधीत एका बाळापुरतं माप करणं शक्य झालं.

छपाई झाली ती लेसरने. यंत्राच्या पेटीत पॉलीकॅप्रोलॅक्टोनची बारीक भुकटी वितळणबिंदूच्या जरा खालच्या तापमानाला ठेवतात. त्यात थोडं, साधारण ४ टक्के, हायड्रॉक्सिअपेटाइट मिसळतात. हे आपल्या हाडातलंच खनिज, पण इथे त्याचं काम अगदी साधं, भुकटी गुठळ्या न होता सरसर पसरावी एवढंच. पाते फिरून भुकटीचा सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ थर पसरतं, लेसर त्यावर कवचाचा एक काप रेखतो, तेवढीच भुकटी वितळून एकजीव होते. मग नवा थर. शेवटी सुट्या भुकटीच्या ढिगातून कवच उकरून काढायचं आणि झटकायचं. सुटी भुकटीच वस्तूला आधार देत असल्याने घड्यांसारखे अवघड आकार वेगळ्या टेकूशिवाय निघतात.

निर्जंतुकीकरणाचीही गंमत आहे. रुग्णालयात नेहमी वापरतात त्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ असते. त्यात हे कवच घातलं तर बाहेर निघेल एक गोळा. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, आणि मग वायूचे अंश पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. पदार्थ निवडला की त्याच्यामागे असे बारीक निर्णय रांगेने येतात. प्रयोगशाळेत सुंदर दिसणारे कितीतरी पदार्थ याच पायरीवर अडतात.

परवानगी आणि शस्त्रक्रिया

असं कवच तोवर कुठल्याही माणसाच्या शरीरात गेलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीने एफडीएशी सल्लामसलत करून आणीबाणीच्या तरतुदीखाली परवानगी दिली, आईवडिलांनी लेखी संमती दिली. ही तरतूद सैल दार नाही. जीव धोक्यात असला पाहिजे, दुसरा कुठलाही पुरेसा उपाय उरलेला नसला पाहिजे आणि नेहमीच्या मंजुरीसाठी थांबायला वेळ नसला पाहिजे. हे बाळ दुर्दैवाने तिन्ही अटींत बसत होतं.

ग्रीन यांच्यासोबत हृदयशल्यविशारद रिचर्ड ओहाय यांनी शस्त्रक्रिया केली. छाती उघडून डाव्या श्वसनीभोवती कवच सरकवलं, टाके ओढले. ग्रीन यांनी नंतर सांगितलं की कवच बसताच फुफ्फुस वर-खाली होऊ लागलं. ज्या बाजूला हवा पोचतच नव्हती ती बाजू टेबलावरच हलताना दिसली. वर्षभराने केलेल्या तपासणीत श्वसनी उघडी होती आणि कवचामुळे अनपेक्षित असा कुठलाही त्रास झालेला नव्हता.

कवचात औषध का नव्हतं

ऊतींची दुरुस्ती आणि औषधांचं वहन हे दोन विषय हल्ली जोडीनेच बोलले जातात, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. पॉलीकॅप्रोलॅक्टोन औषध साठवायला उत्तम आहे. त्याच्या मऊ भागातून लहान रेणू सावकाश पाझरतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे गर्भनिरोधक संप्रेरक भरलेली, त्वचेखाली ठेवायची कॅप्रोनॉर नावाची नळी याच पदार्थाची होती. मग श्वसनीच्या कवचात सूज कमी करणारं औषध किंवा कूर्चेला चालना देणारं प्रथिन का भरलं नाही?

एक कारण तांत्रिक. लेसर ज्या ठिकाणी भुकटी वितळवतो तिथे प्रथिनासारख्या नाजूक रेणूचा टिकाव लागण्याची हमी नाही. छपाईनंतर वरून लेप देता येतो, पण मग तो किती दिवसांत सुटेल आणि किती मात्रेत, याचं नवं गणित मांडावं लागतं. दुसरं कारण नियमांचं. औषध घातलं की वस्तू नुसतं उपकरण राहत नाही, उपकरण आणि औषध असं संयुक्त उत्पादन होते, आणि दोन्हींची सुरक्षितता सिद्ध करावी लागते. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. या बाळाचा बिघाड यांत्रिक होता. नळी मिटत होती, ती उघडी ठेवायची होती. औषधाने भर पडली असती ती फक्त अनिश्चिततेत.

थ्रीडी छपाईचं औषधांच्या बाजूचं खातं वेगळ्या वाटेने उघडलं. ऑगस्ट २०१५ मध्ये एफडीएने स्प्रिटॅम ही अपस्माराची गोळी मंजूर केली. तिच्यात लेव्हेटिरासिटॅम हे जुनंच औषध आहे, पण भुकटीचे थर द्रवाने चिकटवत छापलेली असल्याने गोळी सच्छिद्र होते आणि घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरते. मोठ्या मात्रेची गोळी गिळता न येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. तिथेही गरज एकच होती, आणि छपाईने तेवढीच भागवली.

त्याच काळात स्टॉकहोममध्ये

शेजारी दुसरं प्रकरण ठेवल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. जून २०११ मध्ये, म्हणजे ॲन आर्बरच्या आठ महिने आधी, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात शल्यविशारद पाओलो मॅकियारिनी यांनी एका रुग्णाची श्वासनलिका काढून त्या जागी प्लास्टिकची कृत्रिम नलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी पेरल्या होत्या आणि त्या वाढून जिवंत श्वासनलिका तयार होईल असा दावा होता. जगभर गाजावाजा झाला. स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनी यांना गंभीर इजेच्या गुन्ह्यात अडीच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा २०११ चा निबंध मागे घेतला.

त्यात फसवणुकीचा भाग होताच, पण मी इथे पदार्थापुरतं बोलतोय. श्वासनलिका म्हणजे नुसती पोकळ नळी नव्हे. आतलं अस्तर सतत कफ वर ढकलत असतं, भिंतीला रक्तपुरवठा लागतो, आणि आतून येणाऱ्या हवेबरोबर जंतू येतच राहतात. स्टॉकहोममध्ये निर्जीव नळीकडून जिवंत अवयव होण्याची अपेक्षा केली गेली. रक्तपुरवठा नसलेल्या जागी पेरलेल्या पेशी जगणार कशावर, याला उत्तर नव्हतं. ॲन आर्बरमध्ये बाळाची स्वतःची श्वसनी, तिचं अस्तर, तिच्या रक्तवाहिन्या जागच्या जागी राहिल्या. परका पदार्थ बाहेर बसला, जंतूंच्या वाटेपासून दूर. एकाच अवयवाचे, जवळपास एकाच वेळचे हे दोन प्रयत्न वेगळ्या टोकांना गेले, त्याचं मोठं कारण मला या फरकात दिसतं.

पुढची मुलं

एका बाळावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे ग्रीन आणि हॉलिस्टर यांनाही ठाऊक होतं. एप्रिल २०१५ मध्ये सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन या नियतकालिकात त्यांच्या गटाने तीन मुलांची माहिती दिली. शस्त्रक्रियेच्या वेळी ती ३, ५ आणि १६ महिन्यांची होती. जीवघेणे झटके थांबले, गुंगीची औषधं सुटली आणि कवचाच्या आत श्वासमार्ग वाढत राहिला. संशोधकांनी काळाला चौथी मिती म्हटलं, कारण रोपणानंतर कवच कसं बदलत जाईल हेही आधीच आखलेलं होतं. पुढे हॉलिस्टर अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठात गेले आणि २०१८ मध्ये अटलांटातही सात महिन्यांच्या एका बाळाला अशी कवचं बसवली गेली. २०१९ मध्ये मिशिगनच्या गटाने १५ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला.

आकडा पंधरावर गेला, पण मुलं निवडली गेली ती सगळीच अत्यवस्थ, दुसरा मार्ग न उरलेली, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. यांतल्या अनेकांना हृदयाचे आणि इतर जन्मजात दोषही असतात. तेव्हा एखादं मूल सुधारलं किंवा गेलं तर त्यातलं किती कवचामुळे, हे सांगणं सोपं नसतं. शिवाय हा विकार बऱ्याच मुलांत वयाबरोबर ओसरतो. म्हणून रीतसर चाचणी हवीच होती. आता वैद्यकीय थ्रीडी छपाईतली बेल्जियमची मटेरियलाइज कंपनी आणि मिशिगन यांनी मिळून ३५ बाळांवरची चाचणी हाती घेतली आहे.

या चाचणीत व्हेंटिलेटर किती दिवसांनी सुटला हे मोजलं जाईलच. मी मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या नोंदींकडे लक्ष ठेवून असेन. तोवर कवचाची ताकद संपलेली असेल आणि त्याचे तुकडे शरीर पचवत असेल. त्या काळात श्वसनी एकटीने उघडी राहते का, आणि विरणाऱ्या तुकड्यांभोवती सूज येते का, हे पस्तीस मुलांत दिसलं की मगच इतर रुग्णालयांतल्या डॉक्टरांना हे कवच सुचवण्याजोगं ठरेल.